थोरल्या जावेच्या डोक्यावरची शपथ

माझ्या नवऱ्याने दारू सोडायची शपथ माझ्या डोक्यावर हात ठेवून इतक्या वेळा घेतली, की पुढे पुढे त्याने हात उचलायच्या आधीच मी मान खाली घालायची. आमच्याकडे घरातली शपथ अशीच घेतात, माणसाच्या डोक्यावर हात ठेवून. ती मोडली तर ज्याचं डोकं त्याला भोगावं लागतं, असं सगळे मानतात. त्यामुळे तो पुन्हा पिऊन आला की आळीतल्या बायका त्याला काही बोलायच्या नाहीत, मलाच विचारायच्या, "बरी हायेस ना गं? ताप-बिप न्हाई ना?" मला कधी ताप आला नाही. एकदा नुसती दाढ सुजली, तर अख्खी आळी त्याच्याकडे रोखून बघत होती, आणि तो गालाला लावायला लवंग शोधत फिरत होता, तोही पिऊनच.

मग तीन वर्षांपूर्वी त्याने तीच शपथ त्याच्या वहिनीच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जावेच्या, डोक्यावर हात ठेवून घेतली. एकदाच. त्यानंतर आजतागायत त्याने थेंब घेतलेला नाही.

कुणीही म्हणेल, बाई, तुझं नशीब उघडलं. मीही म्हणते. देवापुढे दिवा लावताना रोज म्हणते. पण तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते काही थांबत नाही. माझं डोकं वीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं, आणि त्याचं काय होईल याची त्याला कधी धास्ती वाटली नाही. तिचं डोकं एकदा हाताखाली आलं आणि हा माणूस घाबरला. दारू सुटली याचा मला आनंद आहे. माझ्यावरून सुटली नाही, याचा मला राग आहे. दोन्ही खरं आहे, आणि कोणतं जास्त खरं ते दिवसावर अवलंबून असतं.

बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. इथं 'तो' लिहिते आहे. एवढी वर्षं काढल्यावर एवढी मोकळीक मी घेतली.

आमचं घर कासार आंबोलीत, रस्त्याच्या वरच्या अंगाला. खालची जमीन सासऱ्यांच्या हयातीतच विकली गेली. तिथं आता पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत, आणि त्यातल्याच एका बंगल्यावर माझा नवरा राखणीला लागला, म्हणजे आपल्याच बांधावर दुसऱ्याचं गवत कापायला. रविवारी संध्याकाळी मंडळी गाडीत बसून गेली की टेबलावरच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या आवरायचं काम त्याचं. ते काम त्याने फार मन लावून केलं. सुरुवात तिथं झाली असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवात लग्नाच्या आधीच झाली होती, पिरंगुटला कारखान्यात पाळीवर जायचा तेव्हा. बंगल्याने फक्त घरपोच सोय केली. मी गावच्या अंगणवाडीत शिकवते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची आणि संध्याकाळी आपला माणूस, अशी माझी वर्षं गेली.

माझी जाऊ आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहते, मधे एकच भिंत. ती या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा माझा नवरा पाटी-दप्तर घेऊन नुकता शाळेत जायला लागला होता. सासूबाई दिवसभर रानात. त्यामुळे त्याचं नाक पुसणं, डोक्याला तेल लावणं, ताकात भाकरी कुस्करून भरवणं, सगळं हिने केलं. पुढे थोरले दीर गेले, तिची मुलं नोकरीपायी पुण्याला राहायला गेली, आणि ती एकटी उरली. ती कधी कुणाशी भांडली नाही. कुणाबद्दल वाकडं बोलली नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं की ही डबा घेऊन हजर. अशा बाईचा हेवा करणं फार अवघड असतं, कारण धरायला कुठेच काही सापडत नाही. मी तरी केला.

तीन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत तो बांधावर पडला आणि उठेना. बोलणं तुटक, डोळे एका जागी ठरेनात, पाय ठेवायला गेला की दोन्ही बाजूंना फाकायचे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं दारू अचानक बंद झाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. चादरीवरून त्या झटकायचा, माझ्या पदरावरून झटकायचा. सलाईन उपसून टाकायचा, म्हणून मी त्याचे दोन्ही हात धरून बसायची. मला तो नर्स समजला. "बाई, जरा उजेड करा की," असं मला म्हणायचा, अदबीने. लग्न झाल्यापासून इतक्या अदबीने तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

जाऊ एकदा भेटायला आली. डब्यात तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. ती दारातून आत आली आणि हा पडल्या पडल्या म्हणाला, "वैनी, आलीस व्हय?"

स्वच्छ. एका शब्दाची अडखळ नाही. मी त्याचे हात तसेच धरून बसले होते, आणि मला वाटलं, सोडावेत आता.

घरी आणलं तेव्हा जावेने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग उंबऱ्यातच त्याला अडवून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला. इतक्या वर्षांत मी तिचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. केस पार विरळ झाले होते. त्याचा हात तिने स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला.

"हितं ठिव. आता जर का पिलास, तर मी जाती बघ."

"न्हाई पिणार, वैनी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आळीतल्या बायकांच्याही डोळ्यांत पाणी होतं. माझ्या हातात त्याच्या औषधांची पिशवी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी पुढच्या वेळी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, शपथ घेतली ते चांगलंच झालं, पण मुळात दोन आठवडे पोटात दारू गेली नव्हती, सुया-गोळ्या चालू होत्या, आणि पायांत जोर नसल्याने माणूस दुकानापर्यंत चालत जाऊ शकत नव्हता. ते अवघड दिवस तसेच निघून गेले. एवढं ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. घरी येऊन मी ते आळीभर सांगितलं. कुणी ऐकलं नाही. "थोरलीनं सोडवली त्याची," हेच ठरलं ते ठरलं.

दारू सुटली की माणूस परत येतो, असं आमच्याकडे म्हणतात. मी वाट बघत होते. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं तो माणूस हसरा होता असं मला लोकांनी सांगितलं होतं, आणि मला तो एकदा बघायचा होता. आला तो वेगळाच कुणीतरी. पहाटे उठायचा, दिलं ते खायचा, सांगितलं तिथं बसायचा. भांडण नाही, शिव्या नाहीत, ताट भिरकावणं नाही. पण कौतुकही नाही, चौकशीही नाही. त्याच वर्षी माझे वडील गेले. माझं माहेर ताम्हिणीच्या अलीकडं. तिकडे पोहोचलो, अंगणात माणसं जमली होती, मी आईच्या गळ्यात पडून रडत होते, आणि हा माझ्या भावाला विचारत होता, "जेवनाला उशीर व्हईल का?" त्याच महिन्यात बंगल्यावरचा म्हातारा कुत्रा मेला तेव्हा मात्र तो पायरीवर बसून हुंदके देऊन रडला. माझ्या बापापेक्षा कुत्र्याला जास्त रडलेला जावई मी पाहिला आहे.

अंगणवाडीत पोरांना दाखवायला माझ्याकडे चेहऱ्यांची कार्डं आहेत. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. तीन वर्षांची पोरं धडाधड ओळखतात. एक दिवस मी ती घरी आणली आणि त्याच्यापुढे मांडली. हसरा त्याने लगेच ओळखला. मग रागावलेला दाखवला.

"ह्यो गप बसलाय," तो म्हणाला.

रडका दाखवला. "ह्यो बी गप बसलाय."

घाबरलेला हातात घेऊन त्याने बराच वेळ बघितला. "ह्येला काय झालंय?" त्याने मलाच विचारलं.

मी कार्डं गोळा केली. तोवर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. म्हटलं, "आता माझ्याकडं बघा. मी कशी हाय?" त्याने बघितलं, अगदी मनापासून बघितलं, आणि म्हणाला, "बरी हायेस."

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. वर्षानुवर्षं दारू पोटात जात राहिली की कपाळामागचा मेंदू झिजतो. समोरच्याचं तोंड वाचणं, आपल्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळणं, कुठे हसायचं कुठे गप्प राहायचं हे ठरवणं, सगळं त्या भागाचं काम. शिवाय दारूत मिळणाऱ्या सुखाची मेंदूला इतकी सवय लागलेली असते, की ती काढून घेतल्यावर साध्या सुखांनी त्याला काही होतच नाही. लेक पास झाली, भात चांगलं उतरलं, बायको नवी साडी नेसली, त्याला सगळं सारखंच. माया मुद्दाम आटवलेली नसते, त्या म्हणाल्या. थोडं परत येतं, दारू पुन्हा शिवली नाही तर. किती आणि कधी, ते सांगता येत नाही.

एवढं ऐकून मी शहाणी व्हायला हवं होतं. झालेही असते, जर तो सगळ्यांशीच असा असता.

पण भिंतीपलीकडून जाऊ आली की त्याच्या तोंडावर रंग यायचा. ती पायरीवर टेकली की हा कांबळं सरकवून द्यायचा. मला पाणी विचारायचं त्याला सुचत नाही, तिला विचारायचा. मग दोघांचं सुरू व्हायचं. ओढ्यातले खेकडे कसे धरले, मास्तरांच्या भीतीने तो कणगीत कसा लपला आणि हिने वर सूप कसं झाकलं, आजोबांच्या बैलाने कुणाचं धोतर कसं फाडलं. सगळं तंतोतंत. बैलाचं नाव, मास्तरांचा डोळा कसा बारीक होता ते, कणगीत भात कोणतं होतं तेसुद्धा. आणि हाच माणूस सकाळी गोळी घेतली की नाही ते दुपारी सांगू शकत नव्हता.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, जुनं पक्कं बसलेलं असतं, ते टिकतं. दारूच्या वर्षांतलं मात्र नीट नोंदलंच गेलेलं नसतं. आणि नवं धरून ठेवायची ताकद आता कमी झालीय.

"म्हणजे कुठपासूनचं गेलं?" मी विचारलं.

"नक्की रेघ मारता येत नाही," त्या म्हणाल्या. "शेवटची पंधरा-वीस वर्षं धरा."

परतीच्या बसमध्ये ते माझ्या नीट ध्यानात आलं. माझं अख्खं लग्न त्याच वर्षांत होतं. लेकीचा जन्म, सासऱ्यांचं आजारपण, पुढच्या खोल्या बांधल्या आणि भाडेकरू ठेवले ते, मी अंगणवाडीत लागले तो दिवस, आमची भांडणं, भांडणानंतरचे आमचे बरे दिवससुद्धा. तो होता तिथं, पण त्याच्या आत मी कुठेच उतरले नव्हते. जाऊ मात्र दारू पोचायच्या आधीच आत जाऊन बसली होती, भक्कम, पदर डोक्यावर घेऊन. चांदणी चौक ते पिरंगुट मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि खरं सांगते, दारूच्या बाटलीचा मी कधी इतका राग केला नाही जितका त्या दिवशी तिचा केला.

मग मी स्पर्धेला उतरले. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्यासारखं खेकड्याचं कालवण केलं. मसाला तिच्याकडूनच आणला. त्याने खाल्लं, वाटी पुसून खाल्लं, आणि म्हणाला, "वैनीच्या हाताचं न्यारं असतंय." एक दिवस मी त्याला समोर बसवून त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "एकट्यानं डांबरीवर जायचं न्हाई. घ्या शपथ." त्याने घेतली, लगेच, काही आढेवेढे न घेता. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून येताना बघते तर हा बसथांब्यावर उभा. म्हटलं, काल काय कबूल केलं होतं? तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला शपथ आठवत नव्हती. डोकं आठवत नव्हतं.

ती आणि तो पायरीवर बोलत बसले की मी मधे घुसायची. माझ्याकडेही आठवणी होत्याच की. "अवो, आपण ताम्हिणीला गेलेलो, आठवतंय? लग्नाच्या पहिल्या वर्षी, करवंदं काढायला?"

"व्हय की," तो म्हणाला.

मी हरखले. "काय काय आठवतंय?"

त्याने जरा विचार केला. "लई पाऊस हुता."

करवंदं वैशाखात पिकतात. त्या दिवशी इतकं ऊन होतं की मी चपला विसरले म्हणून त्याने स्वतःच्या दिल्या होत्या आणि आपण अनवाणी चालला होता. तो दिवस मी वीस वर्षं जपून ठेवलेला. ताम्हिणी म्हटलं की पाऊस, एवढ्यावर त्याने तो उरकला.

अशी माणसं खोटं बोलत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. आठवायला गेलं आणि तिथं काहीच सापडलं नाही, की मेंदू हाताशी असेल ते उचलून त्या जागी ठेवतो, आणि माणसाला ते आपलंच, खरंखुरं वाटतं. तुम्ही चिडू नका, वाद घालू नका. मी वाद घातला नाही. घरात जाऊन तांदूळ निवडत बसले, आणि बाहेर दोघं कुठल्याशा जत्रेतल्या पिपाणीवर हसत होते.

एकदा मात्र माझा तोल गेला. दिवाळीच्या आधीची गोष्ट. अंगणात भात वाळत घातलं होतं, जाऊ पायांनी ते हलवत होती, आणि शेजारची एक बाई जाता जाता म्हणाली, "आक्का, तुमच्यामुळं मानसात आला बगा ह्यो." जाऊ नुसती हसली. ती बाई वळणाआड गेली आणि मी म्हटलं, "आक्का, तुमच्या डोक्याला किंमत हाय. माझं डोकं काय, दगड हुता. कितीबी हात ठिवा."

ती थांबली. भातात तिच्या पावलांच्या सऱ्या पडल्या होत्या.

"तुला त्येचं वाईट वाटतंय व्हय गं?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"वाटंल न्हाई तर काय. गू-मूत मी काढलं. दवाखान्यात मी बसले. आन् सोडवली तुमी."

"अगं, पोरगं हाय ते माझ्या लेखी. धाकानं ऐकलं असंल."

"मंग मला कशाला आणलं ह्या घरात? तुमीच ठिवायचा की सांभाळून."

हे मी बोलले. भात सारखं करून ती आत गेली, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडून भाजीची वाटी आली. त्या वाटीने माझा जो तिळपापड झाला, तो तिने चार शिव्या दिल्या असत्या तर झाला नसता. तिचं सगळं शिल्लक होतं. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तिचं लहानसहान काहीही हरवलं नव्हतं, आणि वर तिला चांगलं वागणंही परवडत होतं. मला त्यातलं एक, फक्त एक, हवं होतं. कुठलातरी एक दिवस, ज्यात मी आहे, आणि तो आठवताना त्याचं तोंड बदलतं. एवढंच मी मागत होते, आणि ते कुणाकडे मागायचं तेही मला कळत नव्हतं.

गेल्या पौषातला एक रविवार. लेक पुण्याला हॉस्टेलवर असते, ती आली होती. आम्ही तिघी उन्हात वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो; मी, लेक आणि जाऊ. तो कडेला बाजल्यावर. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय की त्याला बोलतं करा, त्यामुळे लेक आली की काही ना काही विचारत असते. त्या दिवशी तिने विचारलं, "पप्पा, तुमचं लग्न कसं झालं, सांगा ना."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आमचं लग्न पिरंगुटच्या एका कार्यालयात झालं. बेंजो होता, पंखे होते, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा मुंडावळ्यांच्या आतून मला पहिल्यांदा त्याचा वास आला, आणि सात पावलं चालताना मीच त्याला धरून चालवलं. त्यातलं त्याला काही आठवत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आता सांगेल, लई पाऊस हुता.

तो उठून बसला. माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला.

"वळीव झाला हुता," तो म्हणाला. "वड्याला ही एवढं पानी. गाडी पल्याडच ऱ्हायली, बैल काय उतरंनात. समद्यांनी वरडा केला, आता नवरी आणायची कशी. मी काटावर हुतो. ही खाली उतरली. हिरवं लुगडं हुतं, त्ये धरलं वर, आन् आली की चालत पान्यातनं, हसत. समदी बायामानसं भ्याली, ही हसत हुती. मधी आली आन् मला म्हनली, हात दे."

तो थांबला. त्याचा ओठ हलत होता. गेल्या तीन वर्षांत, त्याआधीच्या वीस वर्षांतही, मी त्याचं असं तोंड पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले होते आणि तो माझ्याकडे, माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"म्या दिला हात," तो म्हणाला. "तुजा हात लई गार हुता."

तो ओढा आमच्या वरच्या अंगाचा. जावेच्या लग्नात बैलगाडी होती, हिरवं लुगडं होतं, आणि काठावर नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ उभा होता, शाळेत नुकता जायला लागलेला. हे सगळं मी जावेकडूनच ऐकलं होतं, फार पूर्वी, एकदाच. थोरले दीर गेले, सासू-सासरे गेले. तो दिवस आठवणारी माणसं घरात आता दोनच उरली होती, आणि त्यातल्या एकाने तो आत्ता उचलून माझ्या पदरात टाकला होता.

जावेचे हात शेंगांवर थांबले होते. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत जे होतं ते मी तीन वर्षं माझ्याच अंगात सांभाळलेलं होतं, त्यामुळे मला ते लगेच कळलं. तिने तोंड उघडलं, आणि मग मिटलं. एका शब्दाने ती तो दिवस परत घेऊ शकली असती. तिने घेतला नाही. तिने तो माझ्यावर सोडला.

"खरंच, आई?" लेकीने विचारलं. "तू चालत आलीस ओढ्यातून?"

तो वाट बघत होता. जाऊही बघत होती.

"व्हय," मी म्हटलं. "पानी लई गार हुतं."